चंद्रीचा पान्हा

आमचं वावर तीन एकरांचं. मूर्तिजापूरहून अमरावतीकडे येताना फाट्यावर उतरायचं आणि बैलगाडीच्या चाकोरीनं अर्धा तास आत चालायचं. जमीन काळीभोर, कापसाची. पाहणाऱ्याला वाटावं, या लोकांना काय कमी असेल. कमी होतं ते पाणी. विहीर दिवाळीपर्यंत साथ द्यायची, मग बादलीला गाळ लागायचा. त्यातून जे उगवे त्यात रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं आमच्या आधी जेवून जात. गावातलं घर काकांच्या वाट्याला गेलेलं, म्हणून आम्ही वावरातच राहत होतो. कुडाच्या दोन खोल्या, वर टिनं, समोर एक कडुनिंब आणि बाजूला गुरांचा कोठा. सोयाबीन लागोपाठ दोन वर्षं शेंगेत सडलं, तेव्हा माय दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जाऊ लागली आणि बाबा मूर्तिजापूरला गोदामात पोती उचलायला. घरात साखर फक्त पाहुण्यांसाठी असे, आणि पाहुणे येऊ नयेत असं आम्हाला मनातून वाटे.

तरीही मी कॉलेजात जात होते. अमरावतीला, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. आमच्या खानदानात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. हे मी मोठेपणा म्हणूनच सांगते, उगाच लाजत नाही. सकाळची एस.टी. गाठायची, डब्यात कळण्याची भाकर आणि ठेचा, आणि अंगावर दोन ड्रेसांपैकी जो वाळला असेल तो. मायचा एक कायदा होता आणि तो ती कोर्टासारखा पाळायची. संगीनं, म्हणजे मी, शेणाला हात लावायचा नाही, विळा धरायचा नाही, म्हशीच्या आचळाला तर नाहीच नाही. मी कधी बादली उचलली तरी ती ओढून घ्यायची. "तुह्या हातात पेन हाय. तोच धर," म्हणायची. तेव्हा मला ते प्रेम वाटे. प्रेमच होतं, पण त्याची किंमत एके दिवशी चारचौघांत द्यावी लागली, आणि तोच दिवस मला इथं लिहून ठेवायचा आहे.

घरात सगळ्यात मोठा आवाज चंद्रीचा. चंद्री म्हणजे आमची म्हैस, कपाळावर रुपयाएवढा पांढरा चांद असलेली. तिचं पारडू पावसाळ्यात गेलं, आणि तेव्हापासून ती मायशिवाय कोणालाच पान्हा सोडत नव्हती. दुसरा कोणी बसला की दूध वर ओढून धरायची आणि लाथ झाडायची. माय धार काढताना तिच्याशी बोलत असे. बोलणं कसलं, तक्रारीच. बाबांच्या, सगळ्या बाबांच्या. बादलीत दुधाची धार चर्र चर्र वाजायची आणि तिच्या तालावर मायचं गाऱ्हाणं चालायचं. बाबा त्याच वेळी कडुनिंबाखाली काडीनं दात घासत बसलेले असत. दहा पावलांवर. त्यांना एक शब्द ऐकू येत नसल्यासारखे ते झाडाच्या शेंड्याकडे पाहत. माझी झोप रोज त्या आवाजानं मोडायची. आज माझ्या खोलीत घड्याळ आहे, फोन आहे, पण जाग यावी तशी जाग त्यांनी येत नाही.

त्या वर्षी बाबांनी ठरवून टाकलं होतं. अकोटचा एक माणूस वावर मक्त्यानं मागत होता. गुढीपाडव्याला वावर त्याच्या ताब्यात द्यायचं, चंद्री आणि दोन्ही बैल बाजारात विकायचे आणि अकोल्याला जायचं. तिथं एका अपार्टमेंटवर वॉचमनची जागा होती, खाली राहायला एक खोली. बाबा हे सांगताना जमिनीकडे पाहत होते. माय उठून कोठ्यात गेली आणि चंद्रीपुढं कुटार टाकत राहिली.

त्याच दिवसांत आमच्या कॉलेजनं आम्हाला वरूडच्या बाजूला एक शेत दाखवायला नेलं. संत्र्याचा बगीचा, आणि त्यात चक्क माणसं सहलीला आलेली. नागपूरची कुटुंबं, लेकराबाळांसकट. ती शेळीच्या पिलाला मांडीवर घेत होती, बैलगाडीत बसत होती, चुलीजवळ बसून ज्वारीची भाकर खात होती आणि जाताना त्याचे पैसे देत होती. आमच्या मुली संत्री खाण्यात गुंतल्या. मी मात्र त्या शेताची एकेक गोष्ट मोजत होते. शेळ्या, आमच्याकडे आहेत. बैलगाडी, आहे. चूल, आहे. भाकर, मायसारखी त्या बाईला येत नव्हती. संत्री तेवढी नव्हती. पण आमच्याकडे तूर होती, वांगी होती, आणि चंद्री होती.

घरी येऊन हे सगळं बाबांना सांगितलं.

"लोकं पैसे देऊन भाकर खाऊन राह्यले?"

"हो."

"अन् आपण रोज फुकटात खाऊन राह्यलो, ते काय मूर्ख हाओ?"

"बाबा, त्यांच्याकडं शेत नाही म्हणून ते येतात."

"आपल्याकडं हाय त आपण जाऊन राह्यलो," बाबा म्हणाले, आणि ते बोलणं त्यांचं त्यांनाच लागलं असावं, कारण पुढचं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. "पाह्य संगे. एक सहल आन. एकच. जमलं त पाडव्याले इचार करू. नाही जमलं त मले परत बोलाचं नाही."

मी दुसऱ्याच दिवशी कॉलेज सुटल्यावर अमरावतीच्या एका शाळेत गेले. मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर तास-दीड तास उभी राहिले. बाई पांढऱ्या केसांच्या, बोलायला तुटक. माझं सगळं ऐकून म्हणाल्या, "झाडं आणि गवत आमच्या मैदानातही आहे. आमच्या मुलांनी म्हैस पाहिली आहे ती रस्त्यात बसलेली. तिच्याकडून दूध घेतात कसं, ते दाखवशील का?" मी म्हटलं, दाखवीन. "मग पाचवीचा वर्ग आणते. नीट झालं तर बाकीचे वर्ग हिवाळाभर येतील." मी बसस्टँडपर्यंत पळत आले. पळायची काही गरज नव्हती, गाडीला वेळ होता.

पुढचे आठ दिवस आमच्या घरानं लग्नघराची कळा घेतली. बाबांनी तोंडानं कुरकुर करत चाकोरीतले खड्डे बुजवले, बैलांच्या शिंगांना रंग लावला आणि विहिरीभोवती काट्यांचं कुंपण केलं. मायनं दोनदा आंगण सारवलं. जेवण काय करायचं यावर आमची चर्चा झालीच नाही, ते ठरलेलंच होतं. रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. रोडगा म्हणजे कणकेचा जाड गोळा, गोवऱ्यांच्या आरात भाजलेला. वरून तो दगडासारखा दिसतो, पण फोडून त्यात तूप ओतलं की आतून वाफ निघते आणि माणूस बोलायचं थांबतो. आल्याआल्या पोरांच्या हातात द्यायला तुरीच्या हिरव्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडायच्या. थंडीत आमच्याकडे दुसरा खाऊ नसतो आणि लागतही नाही.

आता आमची चूक सांगते. चंद्रीची धार सकाळी सहाला निघायची. पोरं येणार साडेनऊला. त्यांना दाखवायचं तर दूध तोवर थांबवून ठेवावं लागणार होतं. मी म्हटलं, एक दिवस उशिरा काढू. बाबा म्हणाले, "म्हशीले काय तुह्या कॉलेजचं टाइमटेबल समजते?" पण मायनं माझी बाजू घेतली. त्या दिवशी सात वाजल्यापासून चंद्री कोठा डोक्यावर घेऊन ओरडत होती. कास तट्ट भरलेली, खुरांनी जमीन उकरत होती. आणि नवाच्या सुमारास माय तुरीच्या शेंगांचं पातेलं चुलीवरून उतरवायला गेली. नवीन लुगड्याचा पदर पायात आला, पातेलं कलंडलं आणि उकळतं पाणी तिच्या उजव्या हातावर गेलं, बोटांपासून मनगटापर्यंत.

माय खाली बसली आणि हात समोर धरून त्याच्याकडे पाहत राहिली. मी माठातलं पाणी ओतत राहिले. बाबांनी कुंपणातली कोरफड तोडून आणली, चिरून तिचा गर लावला. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणाली, "लेकरं जेवून जाऊ द्या, मंग." तेवढ्यात फाट्याकडून बसचा हॉर्न ऐकू आला.

चाळीस पोरं चाकोरीनं नाचत आली. मोठ्या बाई, आणि त्यांच्याबरोबर एक तरुण सर, गळ्यात कॅमेरा. पोरांनी शेंगा हातात घेतल्या आणि सोलायच्या कशा ते आधी एकमेकांना विचारलं, मग मला विचारलं, आणि मग सालीसकट खाल्ल्या. मी त्यांना शेळ्या दाखवल्या, कोंबड्या दाखवल्या, वांग्याच्या झाडाचं फूल दाखवलं. तोंडानं बोलत होते आणि कान कोठ्याकडे होते. तिथं बाबा बादली घेऊन बसले होते. एकदा खणकन आवाज आला. चंद्रीनं बादली उडवली होती.

मी धावत कोठ्यात गेले. माय हाताला ओला पंचा गुंडाळून चंद्रीच्या तोंडाशी उभी राहून तिला गोंजारत होती. पण नव्या लुगड्याला खळीचा वास, हाताला कोरफडीचा वास. चंद्रीनं नाक फिरवलं आणि दोन पावलं मागं सरली. आपली मालकीण तिला ओळखू येत नव्हती.

माय म्हणाली, "आवो, माह्यं कालचं लुगडं दोरीवर हाय. धुतलं नाही अजून. ते नेसून बसलं कोणी, त चंद्री देईन दूध."

हे आमच्याकडे नवीन नाही. घरची बाई बाळंतीण झाली, माहेरी गेली, की तिचं लुगडं पांघरून दुसरी बसते आणि जनावर फसतं. मी लगेच म्हटलं, "मी नेसते."

मायनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "नेसून काय करशीन माय? तुले धार कुठं येते?"

मी शेताच्या पोटी जन्मले होते, चाळीस पोरांना शेत दाखवायला बोलावलं होतं, तीन वर्षं ग्रंथालयात बसून जाडजाड पुस्तकं वाचली होती, आणि मला माझ्या घरच्या म्हशीचं दूध काढता येत नव्हतं. आयुष्यात मला अनेकांनी अनेक गोष्टींवरून कमी लेखलं. त्यातलं फार थोडं आठवतं. मायचं ते साधं वाक्य मात्र जसंच्या तसं आठवतं.

बाबा उठले. "आन इकडं," म्हणाले.

बाबांना तेव्हा गावात मिशीवरून ओळखत. जाड, वळवलेली, तेल लावलेली मिशी. त्यांनी शर्ट-पायजाम्यावरच ते लुगडं गुंडाळायला सुरुवात केली. मायनं डाव्या हातानं निऱ्या खोचून दिल्या, पदर डोक्यावरून घेतला. मी म्हटलं, "बाबा, थांबा. मी पोरांना विहिरीकडं नेते. तोवर तुम्ही काढून घ्या. नंतर दूध दाखवू."

"काहून? चोरी करून राह्यलो काय मी?"

"हसतील ते."

"हासू दे. दूध घेतात कसं ते पाहाले आले ना ते? मंग आज असंच घेतात. बोलाव."

मी उंबऱ्याशी उभी होते आणि माझ्याच्यानं हाक मारवत नव्हती. तेवढ्यात पोरंच आली. कोठ्याच्या दारात गर्दी झाली, आणि समोर लुगडं नेसलेला, पायजाम्याचे पाय खाली दिसणारा, पदराखाली मिशी लपवू पाहणारा माझा बाप. मग चाळीस पोरं हसली. तरुण सरही हसले आणि कॅमेरा वर केला.

"काढा सर फोटो," बाबा म्हणाले. "फक्त मिशी झाकलेली येऊ द्या. म्हशीनं पाह्यली त पंचाईत होईन."

पुढं उभ्या असलेल्या चष्म्याच्या एका मुलीनं विचारलं, "काका, तुम्ही साडी का नेसली?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सांगायचं काम माझं होतं. तिथंच मला कळलं, लपवण्यासारखं यात काही नाही. मी मोठ्यानं, वर्गात सांगावं तसं सांगितलं, की या म्हशीचं पिलू गेलं, ती फक्त माझ्या आईला दूध देते, आईचा हात भाजला आहे, म्हणून माझे वडील आज आई झाले आहेत. पोरांचं हसू आपोआप खाली उतरलं. "पण आवाज केला तर तिला समजेल," मी म्हटलं. चाळीस बोटं चाळीस ओठांवर गेली.

बाबा बसले. चंद्रीनं मान वळवून लुगड्याचा वास घेतला, एकदा, दोनदा. उभी राहिली, पण दूध येईना. तिला वास पटला होता, मात्र रोजचा आवाज मिळत नव्हता. बाबांना ते कळलं. त्यांनी खाकरून गळा साफ केला आणि मायच्या आवाजात, बारीक, नाकातून, सुरू केलं.

"काय सांगू व चंद्रे. या माणसाले चहा गरम लागते अन् बोलणं थंडं."

माय कोपऱ्यात उभी होती. तिनं पंच्याचा हात तोंडावर धरला.

"भाजीत मीठ नसलं त बोलते. असलं त नाही बोलत. माहेरी जातो म्हणलं त म्हणते, जाय, पण संध्याकाळी ये."

पोरांचे खांदे हलत होते, पण एकाच्याही तोंडून आवाज नाही. मोठ्या बाईंनी चष्मा काढून हातात घेतला होता. बाबांना सगळं पाठ होतं. इतकी वर्षं कडुनिंबाखाली बसून जे त्यांना ऐकू येत नव्हतं, ते शब्दन् शब्द पाठ होतं. आणि पाठ असलेलं माणूस म्हणत जातं तसे ते पुढं म्हणत गेले.

"अन् आता म्हणते, पाडव्याले वावर देतो. तुले इकतो. मले अकोल्याले नेतो. तिथं मी कोणाशी बोलू व?"

आणि थांबले. ही तक्रार मायनं त्यांना कधी केली नव्हती. मलाही केली नव्हती. फक्त चंद्रीला केली होती, रोज सकाळी, बाबांपासून दहा पावलांवर.

चंद्रीनं पाय हलवला. बाबांनी तिच्या पोटाला डोकं टेकवलं. मग स्वतःच्या आवाजात, हळू, पण मायला ऐकू जाईल असं म्हणाले, "नाही इकत."

पहिली धार बारीक आली. मग चर्र करून मोठी. मग बादली वाजत राहिली. मी भोळी नाही, आणि म्हशीला बोललेलं कळतं असं मी कोणाला सांगत नाही. काम वासानं आणि रोजच्या सुरानं केलं. पण त्या दिवसानंतर मी मायच्या मागं लागून धार काढायला शिकले, आणि हे नक्की सांगते की घट्ट हाताला जनावर दूध देत नाही. बाबांचा हात तेव्हा सैल पडला असणार.

बाबा उठून बादली घेऊन दारात आले तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाई मात्र आधी मायकडे गेल्या, पंचा सोडून हात पाहिला आणि म्हणाल्या, "हे जेवणाची वाट पाहण्यासारखं नाही." सरांनी तिला गावातल्या एकाच्या मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात पाठवायची व्यवस्था केली. जाताना मायनं मला रोडग्यांचा आर दाखवला. "राख झटकून वाढजो. अन् तुपाले हात आखडू नको."

पोरांना मी वाढलं. बाबांनी लुगडं सोडलं नव्हतं, विसरलेच असावेत, आणि त्याच अवतारात ते रोडगे फोडून त्यात तूप ओतत फिरत होते. चष्म्याच्या मुलीनं तीन खाल्ले. एका मुलाला ठेचा इतका लागला की तो चंद्रीच्या हौदाकडे पळाला. आताशा आमच्याकडे गाड्या येतात, लोक फोनवर आधी विचारतात की खोलीत एसी आहे का आणि संडास कसा आहे. दोन्ही आहेत. पण जेवायला मी त्यांना जमिनीवरच बसवते. त्या पहिल्या पंगतीत जे पाहिलं, ते टेबलावर दिसत नाही.

निघताना मोठ्या बाई बाबांसमोर उभ्या राहिल्या. "पुढच्या शुक्रवारी सहावी," म्हणाल्या. "त्याच्या पुढच्या शुक्रवारी सातवी. पण धार तिच्या वेळेवर काढा. आम्हीच लवकर येऊ. पोरांना पहाटे उठायची सवय लागू द्या." बाबा मान डोलावत राहिले. बस गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई हुशार हाय. तुह्याहून जास्त." मी म्हटलं, हो. त्यात वाद नव्हता.

मायचा हात बरा व्हायला महिना लागला. डाग राहिला. त्या महिन्यात रोज सकाळी बाबाच लुगडं नेसून बसले, आणि माय कडुनिंबाखाली बसून, झाडाच्या शेंड्याकडे पाहत, आपल्याच तक्रारी ऐकत राहिली. काही नव्या असत, त्या बाबांच्या असत. गावातली माणसं ते पाहायला मुद्दाम वावरात येत. बाबा त्यांनाही चहा पाजत.

अकोटच्या माणसाला त्यांनी संक्रांतीच्या आधीच नाही म्हणून कळवलं. पाडव्याला आमच्याच बैलांनी आमचंच वावर नांगरलं. त्या उन्हाळ्यात मी बी.ए. पास झाले, घराण्यातली पहिली. आणि बाबा त्या वर्षी अकोल्याला गेले ते एकदाच. शंभर माणसांचं वरण मावेल एवढा पितळी गंज आणायला.